दारिद्र्य नशिबाचे, की नियमांचे?

वर्षावासातला रविवार होता. मुकुंदवाडीतल्या एका विहारात ग्रंथवाचन संपले, खीर वाटून झाली आणि मंडळी चटयांवरच पाय मोकळे करून बसली. गप्पा नेहमीच्याच. कुणाच्या मुलाला वाळूजला कंपनीत घेतले, कुणाला ब्रेक दिला, नळाला किती दिवसांनी पाणी आले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, मला एक सांगा. आम्ही दोघी बहिणी. थोरली गोदावरीच्या पल्याड दिली, नेवाशाकडं. मी अल्याड. पाऊस दोन्हीकडं सारखाच तोंड फिरवतो. माती बी तीच काळी. मग तिच्या गावाला ऊस उभा अन् आमच्या गावाला माघातच टँकर, ह्ये कसं? लोक म्हणतात नशीब. बाबासाहेबांच्या लेकरांनी नशीब म्हणावं का?"

विहारात हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक वाक्य जोडले, "अन् ऊस उभा असून बहीण माझ्याइतकीच गरीब. तिचं काय?"

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. चहा घेऊन घरी आलो. पण प्रश्न पाठ सोडीना, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी नगरच्या एस.टी.त बसलो आणि कायगाव टोक्याला उतरलो. पुलावर उभे राहिले की उत्तरेला कायगाव, गंगापूर तालुका; दक्षिणेला टोके आणि प्रवरासंगम, नेवासा तालुका. मध्ये गोदामाई. आज दोन्ही काठांवर एकच सरकार आहे, एकच सातबारा चालतो. परंतु १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत या पुलाच्या जागी दोन राज्यांची हद्द होती. पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या हद्दीत दडलेले आहे असे आम्हाला वाटते.

नदी एक, राज्ये दोन

इंग्रजाला रयतेचा पुळका आला होता, असे कुणी समजू नये. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. सारा बुडू लागला, राज्य हलू लागले, तेव्हा सरकार जागे झाले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारापासून काहीसे संरक्षण देणारा कायदा आला. पुढे दुष्काळाला तोंड देण्यासाठी कालवे निघाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूरमधमेश्वरपासून गोदावरीचे कालवे कोपरगावच्या रानात उतरले आणि १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाणी नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात खेळू लागले. त्या पाण्यावर ऊस आला. उसामागून १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यामागून बँक आली, दवाखाना आला, इंजिनिअरिंग कॉलेज आले.

अलीकडच्या काठावर काय होते? सालारजंगाने एकोणिसाव्या शतकात जिल्हे पाडले, जमिनीची मोजणी आणली, हे मान्य केले पाहिजे. पण संस्थानाचा सुमारे साठ टक्के मुलूखच दिवाणी म्हणजे सरकारी कारभाराखाली होता. बाकीचा जहागीरदारांचा आणि काही खुद्द निजामाच्या खासगीचा, ज्याला सर्फेखास म्हणत. जहागिरीत जहागीरदार म्हणेल तो कायदा. शिवाय कचेरीची भाषा आधी फारसी, नंतर उर्दू. मराठी बोलणाऱ्या कुणब्याला आणि महाराला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वाचणारा खरे वाचतो की खोटे, हे कोण सांगणार? धरणाचे म्हणाल, तर निजामाने १९३१ साली मांजरेवर मोठे निजामसागर बांधले. पण मांजरा उगम पावते बीडच्या डोंगरात आणि धरणाचे पाणी गेले निजामाबादला. मराठवाड्याच्या वाट्याला नदीचा उगम तेवढा आला.

राज्यकर्त्याला प्रजेचे भय नसले की असे होते. पलीकडे, अपुरी का होईना, १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी कौन्सिले आली, निवडणुका आल्या. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाचा आधार घेऊनच १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला. कागदाने तळे खुले झाले नाही, हे आपण सारे जाणतो. पण पाय रोवायला तेवढी जागा मिळाली. निजामाच्या हद्दीत तीही नव्हती. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले, तेव्हा हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथे गहजब झाला आणि पाण्याला स्पर्श करायचा नाही या अटीवर, पहाऱ्यात, त्यांना किल्ला पाहावा लागला. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरली, तिची आठवण आजही दरवर्षी का काढली जाते, हे त्या काळची मुस्कटदाबी लक्षात घेतल्याशिवाय उमगत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन या तिघांना जाहीर झाले, ते याच विषयासाठी. देश गरीब का राहतो आणि श्रीमंत का होतो? हवामानामुळे, धर्मामुळे, लोक आळशी म्हणून? त्यांचे म्हणणे असे की मुख्य कारण 'संस्था' हे आहे. आपल्याकडे संस्था म्हटले की संस्थाचालक आणि डोनेशन आठवते. इथे अर्थ निराळा आहे: राज्य आणि बाजार ज्या नियमांवर चालतात ते सारे. मालकीचा कागद, कोर्ट, मतदान, कर, शाळा, कर्ज. हे नियम सर्वांना आत घेणारे असले तर लोक कष्ट करतात, शिकतात, धंदा काढतात. ते मूठभरांसाठी बाकीच्यांना पिळणारे असले, तर कष्टकरी कितीही राबला तरी लोणी दुसऱ्याच्याच ताटात. असेमोग्लू आणि रॉबिन्सन यांचे २०१२ चे पुस्तक अमेरिका आणि मेक्सिकोच्या हद्दीने दोन तुकडे झालेल्या नोगालेस नावाच्या गावापासून सुरू होते. आमच्या वाचकांनी इतके लांब जायची गरज नाही. आमचे नोगालेस कायगाव टोक्याला आहे, एस.टी. जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. इंग्रजी मुलूख म्हणजे प्रगती आणि संस्थानी मुलूख म्हणजे मागासलेपण, असे सरसकट सूत्र चालत नाही. लक्ष्मी अय्यर या अभ्यासक बाईंना देशभर पाहताना काही बाबतीत उलटेच आढळले. शाळा, दवाखाने, रस्ते संस्थानी भागांत सरस निघाले. बडोदा, कोल्हापूर, म्हैसूर ही संस्थानेच होती, आणि शाहू महाराजांनी १९०२ साली राखीव जागा दिल्या तेव्हा इंग्रजाला ते सुचलेही नव्हते. याच बाईंनी अभिजित बॅनर्जी यांच्याबरोबर २००५ साली दाखवून दिले की इंग्रजी मुलखातही जिथे जमीनदारी होती, ते जिल्हे स्वातंत्र्यानंतरही शेतीच्या उत्पन्नात मागे राहिले. तेव्हा राजा कोण हे दुय्यम. गावात जमीन, पाणी आणि पत कोणत्या नियमाने वाटली जाते, हे पाहायचे.

थोरल्या बहिणीचे काय?

आता मावशींच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, कारण आम्हाला तेच जास्त टोचले. कालव्याचे पाणी माणूस पाहून वाहत नाही असे म्हणतात. ते खरे नाही. कालव्याचे पाणी सातबारा पाहून वाहते. ज्याच्या नावावर जमीन त्याला पाणी, ज्याला पाणी त्याचा ऊस, ज्याचा ऊस तो कारखान्याचा सभासद, जो सभासद त्याला मत आणि त्यालाच सोसायटीचे कर्ज. सहकाराचा नियम मोठा लोकशाहीचा, एक सभासद एक मत. परंतु दाराबाहेर जो उभा आहे त्याला या लोकशाहीचा काय उपयोग? थोरल्या बहिणीच्या सासरी हाडकी-हाडोळ्याचा तुकडा होता तो केव्हाच गहाण पडला. हिरव्या रानात ती आयुष्यभर दुसऱ्याचे खुरपत राहिली.

दिवाळी सरली की कायगावच्या पुलावरून ट्रॅक्टर आणि ट्रक पश्चिमेला जाताना दिसतात. वर संसार, भांडी, शेळी, लेकरे. कन्नडकडचे, जालन्याकडचे ऊसतोड मजूर. बीडचे लोंढे तर निराळेच. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचे; फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तेच. या व्यवहाराला कुठल्या कायद्याचे बळ नाही, पण गावात तो कायद्यापेक्षा कडक पाळला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणे बाहेर आली, तेव्हा राज्य हळहळले. कामावर खाडा पडला की दंड, हा नियम त्या शस्त्रक्रियांच्या मागे होता. त्या बायांच्या नशिबात तो कुणी लिहिला नव्हता, माणसांनी घातला होता.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपण जयंतीला ऐकतो आणि विसरतो. १९१८ साली त्यांनी लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला, त्यात जमिनीच्या तुकड्यांपेक्षा शेतीवर रिकाम्या पडलेल्या हातांकडे बोट दाखवून कारखानदारीचा उपाय सांगितला. १९३७ साली खोती मोडण्याचे विधेयक आणले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामुदायिक कसावी, असे जातिभेद न करता मांडले. ते घटनेत आले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी घटना समितीला बजावले की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, असा विरोध घेऊन आपण प्रजासत्ताकात पाऊल टाकत आहोत. कालव्याच्या काठी गरीब राहिलेली थोरली बहीण हा त्या विरोधाचा चालताबोलता दाखला आहे.

नागसेनवनातला नियम

अलीकडच्या काठावर जे बदलले, त्यातले सर्वांत मोठे औरंगाबादलाच घडले. १९५० पर्यंत इथे सरकारी इंटरमिजिएट कॉलेज होते. पुढे पदवी हवी तर हैदराबाद गाठा. गरिबाचे शिक्षण इंटरला किंवा त्याच्या कितीतरी आधीच संपे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन मुले आली. वसतिगृह हाच त्यातला मुख्य नियम होता. फी माफ झाली तरी खोली आणि भाकरी नसेल तर मुलगा टिकत नाही, हे आमच्या पिढीतल्या अनेकांनी स्वतः अनुभवले आहे. आज या शहरात आपल्या समाजाचे शिक्षक, वकील, इंजिनिअर, लेखक दिसतात, त्यांच्या घराचा धागा दोन पिढ्या मागे ओढला तर बहुधा नागसेनवनात निघतो. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच मातीतले.

मात्र संस्था उघडली म्हणजे ती उघडी राहतेच असे नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आपली घरे जळाली, पोचिराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. त्या दंगलीत जळाले काय, हे नीट पाहावे. वस्त्या, धान्य, बैल आणि गायरानात उभी केलेली पिके. नावाचे निमित्त होते, राग होता तो सालदारकी सोडून दोन एकर स्वतःचे कसू लागलेल्या हातांवर, असे आमचे मत आहे. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मध्ये सोळा वर्षे गेली.

कागदावरच्या एका ओळीची किंमत किती, याचे दुसरे उदाहरण प्रत्येक बौद्ध घराला ठाऊक आहे. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या त्या १९६० साली परत दिल्या. केंद्राने दिल्या १९९० साली, कायद्यात दुरुस्ती करून. मधल्या तीस वर्षांत रेल्वे, पोस्ट, बँक यांच्या दारावरून वय उलटून परत फिरलेली पोरे आज आजोबा झाली आहेत.

चांगले नियमही याच महाराष्ट्राने केले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्या आयाबायांना मिलो, सुकडी आणि खडीचे ढीग आठवतील. त्या कामांतून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना वाढली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, बाईला पुरुषाइतकीच मजुरी, आणि पैसा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून. २००५ साली दिल्लीने याच धर्तीवर देशाचा कायदा केला. पाण्याचेही तसेच. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, पण वर नाशिक-नगरची धरणे भरत गेली आणि नाथसागर पावसाळा संपला तरी उपाशी राहू लागला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, पुढे जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे ठरले, वाद हायकोर्टापर्यंत गेले, तरी पाणी सुटले. नदीचे पाणी उताराने वाहते असे शाळेत शिकवतात. मराठवाड्यात ते कलमाने वाहते.

वाळूजविषयी थोडक्यात. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला, आणि सालदाराच्या पोराच्या हाती प्रथमच पगाराची चिठ्ठी, फंड, ई.एस.आय. आले. दोन खोल्यांची घरे, मुलींची कॉलेजे त्या चिठ्ठीवर उभी राहिली. त्यांची नातवंडे आज त्याच वसाहतीत ठेकेदाराच्या नावावर सात महिने काम करतात आणि मग ब्रेक. यंत्र तेच, काम तेच, चिठ्ठी मात्र वेगळ्या नावाची. शेंद्रा-बिडकीनला नवी वसाहत झाली आहे, ऑरिक म्हणतात. तिथले रस्ते पाहून डोळे दिपतात. तिथे आपल्या पोरांना चिठ्ठी कुणाच्या नावाची मिळते, ते आम्ही विचारत राहणार.

सासूबाईंच्या पावत्या

मावशींकडे पुन्हा गेलो, ते हे सगळे सांगायला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि उठून माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. आत फडक्यात गुंडाळलेल्या पावत्या. त्यांच्या सासूबाईंनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्याचे ऐकून गावच्या गायरानात दीड एकर फोडले होते. १९६४-६५ चा तो सत्याग्रह, ज्यात लाखांनी लोक तुरुंगात गेले, मावशींना सासूच्या तोंडून पाठ आहे. तलाठी दरवर्षी अतिक्रमणाचा दंड करी, सासूबाई दरवर्षी भरत आणि पावती जपून ठेवत.

वाचकहो, या पावत्यांचे मोल समजून घ्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्याआधीच्यांसाठी १९७८ चा निर्णय होता. त्यासाठी कब्जाचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही किंवा दंडाची पावती. गुन्ह्याची पावती हाच हक्काचा दाखला. मावशींच्या गावची एक-ई वही सापडत नाही, असे उत्तर त्यांना तीनदा मिळाले आहे. गावाचे आणि तालुक्याचे नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. जानेवारी २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गायराने मोकळी करण्याचे आदेश निघाले, २०२२ मध्ये हायकोर्टानेही तेच म्हटले. ज्याच्याकडे कागद नाही तो अतिक्रमक. त्या निकालातही भूमिहीनांना, अनुसूचित जातींना सरकारने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, पण तो वाचून दाखवायला गावात कुणी येत नाही.

आम्ही तिथेच बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला: १९७० पासूनच्या एक-ई नोंदवह्यांच्या प्रती, आणि नसतील तर त्या कधी, कुणाच्या आदेशाने नष्ट केल्या त्याची नोंद. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. मावशींनी सही केली. अंगठा नव्हे, सही. मग पावत्या झेरॉक्स काढायला आम्ही चौकात गेलो. अकरा होत्या. त्यातल्या दोन वाळवीने कडेला खाल्ल्या होत्या, पण रक्कम आणि साल दिसत होते. दुकानातल्या पोराने पहिली पावती काचेवर टाकली, तशा मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हळू धर रे बाळा. माझ्या सासूनं दंड भरून कमावल्यात."